वहिनी, ती मिसिंग तुम्ही पकडलीत

वहिनी, परवा तुमच्या तेराव्याला मी चारचौघांत खरं बोललो आणि एकालाही ते पटलं नाही.

जेवणं उरकली होती. मोटार स्टँडवरची आपली ड्रायव्हर मंडळी पडवीत सुपारी कातरत बसली होती, सगळे अवघडलेले. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं म्हणून करीमभाई म्हणाले, "विष्णू, ती कर्नाळ्याची गोष्ट सांग ना. भाभींना किती आवडायची." गेली आठ वर्षं ती गोष्ट मी पनवेलभर सांगत आलोय. मागे एकतीस गणपती, कर्नाळ्याचा चढ, गाडी मिसिंग मारतेय, म्हणजे चार सिलिंडरांपैकी काही पेटतायत आणि काही दांडी मारतायत. आणि हा विष्णू ड्रायव्हर बॉनेटला नुसता कान लावतो आणि दोष पकडतो! परवा मात्र तोंडातून निघून गेलं, "करीमभाई, ती मिसिंग मी नाही पकडली. वहिनींनी पकडली."

 मग करीमभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, गेलेल्या माणसाबद्दल असंच चांगलं बोलावं," म्हणाले. पलीकडे एकानं डोळ्याला धोतराचा सोगा लावला. घ्या! खोटं इतकं झकास बोलत आलो की खरं सांगितलं तर लोकांना ते माझं रडणं वाटलं.

म्हणून आता तुमच्याशीच बोलतो. तुम्हाला काही पटवायचं नाही, तुम्ही तिथे होतात. कुठे तिखटमीठ लावलं तर मात्र टोकायला तुम्ही नाही. या विचाराने मघापासून दोनदा लेखणी खाली ठेवली.

आपली पिकअप कशी होती ते तुम्हाला मी काय सांगणार? लढाई संपल्यावर दादाने लष्कराच्या लिलावातून आणली तेव्हाच तिची निम्मी हयात झालेली. तुम्ही माहेराहून, आपट्याहून, नवी नवरी म्हणून आलात ते तिच्याच पुढच्या सीटवर, दादा आणि माझ्यामध्ये, मुंडावळ्या सांभाळत. वाटेत एक शब्द बोलला नाहीत. घराशी उतरलात आणि पहिलं वाक्य मला म्हणालात, "भाऊजी, तुमची गाडी चढावर धापा टाकते हो." मला इतका राग आला! आल्या आल्या गाडीला नावं ठेवणारी ही कोण? तेव्हापासून आपली दोघांची जुंपली ती जुंपली. गिरणीतून तांदळाची पोती भरून निघालो की तुम्ही दारातून आवाज ऐकून सांगायचात, आज बरी हाय, आज कुरकुरतेय. मी म्हणायचो, वहिनी, तुम्ही भाकऱ्या बघा. आता हे आठवलं की माझाच कान धरावासा वाटतो.

त्या वर्षी गणपतीच्या आठवडाभर आधी दादा हिवतापाने आडवा झाला. पेणहून आळीतल्या एकतीस घरांचे गणपती आणायचं काम दरसाल आपलंच. दादा मागे पेंढ्यात उभा राहून मूर्ती सांभाळायचा, मी गाडी हाकायचो. आणायचा दिवस उजाडला तरी दादा उठू शकत नव्हता आणि चतुर्थी दुसऱ्या दिवशी. तुम्ही पहाटे हरतालिका पुजलीत, दादाच्या कपाळावरची पट्टी बदललीत, पदर खोचलात आणि म्हणालात, "मागं मी उभी राहते." हरतालिकेचा उपास, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. दादा तापातच पुटपुटला, "तुला चक्कर येईल." तुम्ही म्हणालात, "तुमच्यासाठीच धरलाय, तुमीच मोडायला सांगू नका."

इकडे मी अंगणात गाडीची पूजा करत होतो. देव आणायला निघालेली गाडी, तिची पूजा साधी कशी व्हावी? चाकांना कुंकू लावलं, हातातल्या चक्राला, म्हणजे स्टेअरिंगला, हार घातला. तेवढ्याने माझं समाधान होईना. बॉनेट उघडलं. इंजिनाच्या डोक्यावर डिस्ट्रिब्युटरची काळी टोपी असते, तिच्यातून चार वायरी निघून चार प्लगांना वीज पोचवतात. मला वाटलं, हेच इंजिनाचं कपाळ. कुंकू पाण्यात कालवलं आणि त्या टोपीवर असा मळवट भरला की काय सांगू! वर अक्षता. छाती फुगवून बॉनेट लावलं आणि गाडी चालू करायला पुढून हँडल मारलं.

पेणला जाताना गाडी दोन-तीनदा खोकली. मी लक्ष दिलं नाही. ओझं नव्हतं, पाऊस नव्हता, रिकामी गाडी कर्नाळ्याचा चढही चढून गेली. मूर्ती भरून निघालो तेव्हा झिमझिम सुरू झाली. मागे ताडपत्रीखाली तुम्ही, पेंढ्यात एकतीस गणपती, सगळ्यांच्या तोंडांवर रुमाल. कर्नाळ्याचा चढ लागला आणि गाडीने जो हिसका दिला! मग दुसरा. तिसरा. अंगात आल्यासारखी घुमायला लागली. मी पाय दाबला, म्हटलं जोराने काढू. तेवढ्यात मागून तुम्ही केबिनच्या पत्र्यावर थाडथाड हात आपटलेत.

उतरून मागे आलो तर तुमच्या हातात एक मातीचा हात. सोनारांच्या घरच्या गणपतीचा, मोदकासकट मनगटापासून सुटलेला.  भंगलेली मूर्ती पूजेला चालत नाही आणि पेणला परत फिरून दुसरी मिळण्याची वेळ टळून गेलेली. तुम्ही त्या मूर्तीकडे बघितलंत, मग कोपऱ्यातल्या आपल्या मूर्तीकडे. "आपला सोनारांना द्या," म्हणालात. "हा आपला. आपल्याकडं उद्या सुपारी बसवू." मी काही बोलायच्या आत पुढे म्हणालात, "उरलेले तीस हायत. गाडी सरळ चालल्याबिगर एक पाऊल पुढं घ्यायचं नाय."

"वहिनी, मी हळूहळू नेतो."

"हळू न्या नाय तर पळवा. हिसका तो हिसका. तीस घरांत उद्या पाट मांडून बसतील. काय दाखवाल? हात?"

मी कामाला लागलो. माझी खात्री होती, पेट्रोलात पाणी. कार्बोरेटर खोलला, त्याचं बारीक भोक तोंडाने फुंकून साफ केलं, पेट्रोल थुंकलो, नळी फुंकली, पुन्हा जोडलं. हँडल मारलं. फट्, फट्, फुस्स. पुन्हा खोललं, पुन्हा तेच. मी पेट्रोल भरणाऱ्याला शिव्या दिल्या, लष्कराला दिल्या, पावसाला दिल्या. तुम्ही ताडपत्रीचं टोक माझ्या डोक्यावर धरून तासभर उभ्या होतात, तोंड सुकलेलं, आणि शेवटी अगदी हळू विचारलंत, "भाऊजी, ह्याच्यात चुली किती?"

"चुली? सिलिंडर म्हणतात त्याला. चार."

"चौघांना पेट्रोल एकाच भांड्यातनं ना? मग पेट्रोल वाईट असतं तर चौघं उपाशी राहिले असते. ही तर थोडी चालते, थोडी नाय. म्हणजे पंगतीत दोघं-तिघंच उपाशी हायत. कोण ते बघा ना आधी."

मला हसू आलं, वहिनी. खरंच सांगतो, मी हसलो. म्हटलं, पेटलंय की नाही ते आत शिरून बघू का? तुम्ही रस्त्याकडेच्या डबक्यातून तांब्या भरून आणलात. "चालू करा," म्हणालात. इंजिन आता निवलेलं होतं. कसंबसं चालू केलं, धडधडू दिलं थोडा वेळ. प्रत्येक सिलिंडरातून धूर बाहेर जायची एकेक लोखंडी नळी असते, चार नळ्या पुढे सायलेन्सरला मिळतात. तुम्ही तांब्यात बोटं बुडवलीत आणि भाकरी टाकण्याआधी तवा तापला का बघतात तसा हबका मारलात. पहिल्या नळीवर थेंब पडले आणि नुसते ओघळले. दुसरीवर, चर्र! तिसरीवर पुन्हा गप्प. चौथीवर, चर्र!

"पहिली नि तिसरी," तुम्ही म्हणालात. "पेटलेल्या नायत."

अंगावर काटा आला माझ्या. अकरा वर्षं चक्र धरलेला मी, उस्तादाच्या हाताखाली हाडं झिजवलेली, आणि हे मला सुचलं नव्हतं! झटक्यात पहिला प्लग काढला, तिसरा काढला. दोन्ही काळेकुट्ट आणि पेट्रोलाने ओले. पेट्रोल पोचतंय, ठिणगी पोचत नाही. मी ओरडलो, "प्लग गेले, वहिनी! सापडलं!" आणि लगेच रडवेला झालो, कारण जादा प्लग एकही नव्हता.

"लाकडं ओली असतील तर दुसऱ्या चुलीत घालून बघतात," तुम्ही म्हणालात. "तिथंही विझली तर लाकडं वाईट. तिथं पेटली तर चूल."

पहिल्याचा प्लग दुसऱ्यात, दुसऱ्याचा पहिल्यात. तिसऱ्या-चौथ्याचीही अदलाबदल. हँडल. तुम्ही हबका मारलात. पहिली गप्प, दुसरी चर्र, तिसरी गप्प, चौथी चर्र! ओले प्लग दुसऱ्या घरी जाऊन मजेत पेटत होते. प्लगांचा दोष नव्हता. आता मला थंडी, पाऊस, भूक काही कळेना. आपण दोघं बॉनेटमध्ये डोकं घालून असे वाकलो होतो की जाणाऱ्या एस. टी.तली माणसं खिडकीतून माना काढून बघत होती. तुमच्या डोक्यावरचा पदर घसरला होता आणि तुम्हाला त्याचं भान नव्हतं.

"पहिली नि तिसरीच का? मधली दुसरी चांगली कशी?" तुम्ही स्वतःशीच बोलत होतात. "शेजारी असत्या तर समजलं असतं." मग पहिल्या प्लगच्या वायरवर नजर ठेवून उलटं मागे मागे गेलात. मग तिसऱ्याची वायर. दोन्ही वायरी वळसे घेत टोपीवर येऊन पोचल्या, अगदी खेटून. "अगं बाई! इथं शेजारी हायत!"

तुम्ही बोट पुढे केलंत आणि मी किंचाळलो, "हात लावू नका! झटका बसेल!" तुम्ही हात आखडलात, पण डोकं नाही. पदर पसरून टोपीवर अंधार केलात आणि आत बघत राहिलात. मग म्हणालात, "भाऊजी, कुंकवावर मुंगी चालतेय. निळी."

मी वाकून बघितलं. टोपीवरचा माझा मळवट पावसाने ओघळला होता. लाल ओघळ पहिल्या वायरीपासून तिसऱ्या वायरीपर्यंत पोचला होता आणि त्या ओल्या ओघळावरून एक बारीक निळी ठिणगी तुरुतुरु पळत होती. इकडून तिकडे, तिकडून इकडे. पहिल्याची वीज तिसऱ्याला, तिसऱ्याची पहिल्याला, आणि दोघं उपाशी! वहिनी, मी आयुष्यात पुष्कळ गाड्या उघडल्या, पण तसा आनंद पुन्हा झाला नाही. मी चक्क टाळी वाजवली. तुम्ही हसलात. उपासाने ओठ फुटले होते तुमचे, हसताना रक्त आलं.

मी इंजिन बंद केलं, कमरेचं फडकं ओढलं आणि बोलून गेलो, "एवढंच ना! हे कुंकू पुस..."

जीभ चावली, पण उशीर झाला होता. तुमचा चेहरा पांढरा पडला. हरतालिकेचा दिवस, घरी दादा आठ दिवस तापात, आणि मी तुमच्या तोंडावर कुंकू पुसायची भाषा करत होतो. फडकं माझ्या हातात तसंच राहिलं. माझी काही ते टोपीला लावायची हिंमत होईना. तुम्हाला तर मी सांगूच शकत नव्हतो. दोष सापडला होता, दोन बोटांचं काम उरलं होतं, आणि आपण दोघं दगडासारखे उभे. पाऊस वाढत होता. ताडपत्रीतून तीस गणपतींवर थेंब गळायला लागले होते.

शेवटी तुम्ही म्हणालात, "ते फडकं ठेवा तिकडं." मग पुढे झालात. करंगळीशेजारचं बोट टोपीवर टेकवलंत, होतं तेवढं कुंकू हळूहळू गोळा केलंत, ग्रीस, काजळी सगळ्यासकट, आणि आपल्या कपाळावर लावलंत. पुन्हा बोट टेकवलंत, पुन्हा लावलंत. उरलेलं त्या हात मोडलेल्या गणपतीला. टोपी स्वच्छ झाली. "कुंकू कुणी टाकत नाय, कपाळी लावतात," तुम्ही म्हणालात. "आता पाणी राहिलंय, ते तुमी पुसा. पाण्याला कुणाची हरकत नाय."

टोपी आतून-बाहेरून कोरडी केली. हँडल मारलं. वहिनी, तो आवाज! चारही जणी एका सुरात! तुम्ही चौघींवर हबका मारलात आणि चारदा चर्र झालं तेव्हा मी नाचायचाच बाकी होतो. खिंड कशी चढलो कळलंच नाही. पळस्प्याच्या सपाटीला तुम्ही पत्र्यावर टकटक करून म्हणालात, "भाऊजी, एकदा मला चक्र धरू द्या. एवढंसंच." मी म्हटलं, "लोक काय म्हणतील? पुढच्या वर्षी." पुढच्याही वर्षी विचारलंत. त्याच्या पुढच्याही. मी दर वर्षी हेच म्हणालो. आज इतकी लाज वाटते की कागदावर लिहितानाही मान वर होत नाही.

आळीत पोचलो. तीस घरांतून पाट घेऊन माणसं धावत आली. सोनारांना आपली मूर्ती मिळाली, त्यांना काही कळलं नाही. कुणीतरी विचारलं, "विष्णू, उशीर का रे?" मी म्हटलं, "कर्नाळ्याला मिसिंग मारत होती. पकडली." तेवढंच म्हणालो होतो. "मी" असा शब्दही उच्चारला नव्हता. पण कुणी पाठ थोपटली, कुणी वाहवा म्हटलं, आणि तुम्ही मोडक्या गणपतीवर पदर धरून शेजारून निघून गेलात. तेव्हाच बोलायला हवं होतं. वर्षावर्षाला गोष्ट वाढत गेली. कुंकू गळालं, हबका गळाला, तुम्ही गळालात, उरलो मी आणि माझा कान. तुम्ही ती गोष्ट ऐकताना हसायचात. कशाला हसायचात? एकदा तरी मधेच बोलायचं होतं. मला खाली मान घालायला लावायचं होतं.

परवा पाहुणे गेल्यावर दादा माझ्याजवळ येऊन बसला. तेरा दिवसांत तो धड बोलला नव्हता. "तू मघाशी म्हणालास ते खरं?" मी सगळं सांगितलं, जसं आत्ता लिहिलं तसं. कुंकवापाशी आलो तेव्हा त्याने माझं मनगट धरलं. म्हणाला, "तापात मी डोळे उघडले तर ही समोर. कपाळ काळं-लाल, तेलकट. मी विचारलं, हे काय गं? म्हणाली, गाडीचं हाय. मला वाटलं मी तापात बरळतोय. आठ वर्षं वाटत आलं." मग म्हणाला, "तू ती गोष्ट सांगायचास तेव्हा मी हिला म्हणायचो, बघ, याला म्हणतात डोकं. ही म्हणायची, व्हय, भाऊजींचं डोकंच तसं."

मी रडलो, वहिनी. लपवायचं काय त्यात?

काल सकाळी दादा अंघोळ करून, टोपी घालून मोटार स्टँडवर आला. मी पिकअपच्या मडगार्डवर बसलो होतो. त्याने करीमभाईंना बोलावलं, बाकीच्यांना बोलावलं, आणि घसा खाकरून सुरुवात केली, "आमचा हा विष्णू. देव आणायला निघाला आणि इंजिनालाच कुंकू लावून बसला." त्याला गाडीतलं काय कळतं! कर्नाळ्याचा चढ त्याने पळस्प्याला नेला, सिलिंडर तीन केले, प्लगला वायर म्हणाला. मी ओठ मिटून ऐकत होतो. तो मी पेट्रोल कसा थुंकलो ते करून दाखवत होता, मी लष्कराला दिलेल्या शिव्या मोजत होता, आणि मग बायकोने पाण्यात बोटं कशी बुडवली ते सांगताना त्याचा हात हवेत तसाच थांबला.  मग त्याने पुढे सांगितलं, शेवटपर्यंत.

सगळे पोट धरून हसले, वहिनी. माझ्यावर. करीमभाईंनी तर डोक्यावर हात मारून घेतला, "या अल्ला, आठ साल हम इस गधे को उस्ताद समझते रहे!" आणि या वेळी एकानेही माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, कारण सगळ्यांना पटलं होतं.